खान्देशातील मधुमेहींनी ताट, पाय आणि उन्हाळा कसा सांभाळावा

मधुमेहाचे निदान झाले की अनेक घरांत पहिली गदा भाकरीवर येते आणि महिनाभरात माणूस कंटाळून पुन्हा जुन्या वळणावर जातो. घरचे जेवण सोडू नये, त्याचे प्रमाण बदलावे, असे माझे मत आहे. ज्वारीत अख्खे उडीद मिसळून दळलेल्या कळण्याच्या भाकरीत प्रथिने आणि तंतू चांगले असतात. तरीही ती धान्याचीच भाकरी असल्याने एका वेळी एक पुरे. निम्मे ताट भाज्यांचे, पाव ताट डाळी-उसळीचे असावे आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडण्यापूर्वी काकडी, मुळा व वाटीभर वरण संपवावे, म्हणजे जेवणानंतरची साखर एकदम चढत नाही. भरिताचे वांगे निर्धास्त खावे, तेल मात्र चमच्याने मोजून घालावे.

केळीच्या बागांच्या रावेर-यावलच्या माणसाला केळे खाऊ नका म्हणणे मला पटत नाही. मध्यम केळ्यात साधारण 27 ग्रॅम कर्बोदके असतात. अर्धे केळे, तेही जेवणावर न खाता मधल्या वेळी खावे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस आणि पुरणपोळी यांपैकी एकच पदार्थ निवडावा, आणि तोही थोडाच घ्यावा.

आठवड्याला किमान 150 मिनिटे झपाझप चालणे आवश्यक आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांपुढे जातो, तेव्हा पहाटे चालावे आणि रात्री जेवणानंतर अंगणात किंवा गच्चीवर दहा-पंधरा मिनिटे फेऱ्या माराव्यात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. घाम, थरथर जाणवली आणि साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली आढळली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी व 15 मिनिटांनी पुन्हा तपासावी. उपास धरण्यापूर्वी औषधाची मात्रा डॉक्टरांना विचारून घ्यावी.

इन्सुलिन मोटारसायकलच्या डिकीत कधीही ठेवू नये, कारण उष्णतेने त्याचा गुण जातो. शेतावर किंवा वीज नसताना दोन मडक्यांच्या मध्ये ओली वाळू भरून आतल्या कोरड्या मडक्यात कुपी ठेवावी. फ्रीज असल्यास दारात ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात ठेवलेले इन्सुलिन गोठून निकामी होते.

पायांकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते आणि त्याचीच मला अधिक काळजी वाटते. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला तापलेल्या मातीचा चटका कळत नाही, बाभळीचा काटा रुतला तरी दुखत नाही, आणि जखम चिघळल्यावर वासाने लक्षात येते. त्यामुळे शेतात आणि घरातही अनवाणी फिरू नये, चप्पल घालण्याआधी ती झटकून आत हात फिरवून पाहावी. रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि तळव्याखाली आरसा धरून पाहावे. नजर अधू असेल तर घरातल्या मुला-नातवंडांकडून तपासून घ्यावे. लालसर ठिपका, फोड किंवा भेग दिसली तर हळद-तेल लावून वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठावा.