राखीव संघाची वजाबाकी: एएफएल क्लबने दर आठवड्याला दुसरा संघ कसा भरायचा

एएफएल (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) क्लबचा राखीव संघ म्हणजे मुख्य संघात न बसलेले खेळाडू, असे बाहेरून वाटते. पण उरलेल्यांची डोकी मोजली की संघ पुरा होत नाही. म्हणून आधी वजाबाकी करा.

क्लबच्या यादीत जास्तीत जास्त ४४ खेळाडू असतात. मुख्य यादीत ३६ ते ३८, बाकीचे रुकी, म्हणजे वेगळ्या यादीतले बहुतेक नवखे. त्यातले २३ वरच्या सामन्यात गेले की उरतात २१. जुलैच्या थंडीत सात-आठ जण जखमी असणे ही आपत्ती नव्हे, नेहमीचीच गोष्ट आहे. आता राहिले तेरा-चौदा. वरच्या संघात ऐनवेळी कुणी आजारी पडला तर म्हणून काही जण ‘इमर्जन्सी’ जाहीर होतात. सामना परगावी असेल तर त्यातले एक-दोन त्याच विमानात बसतात. तुमच्या हाती उरले अकरा ते तेरा. मैदानावर १८ लागतात आणि बेंचवर आणखी चार-पाच. म्हणजे जवळपास निम्मा संघ बाहेरून आणायचा आहे.

हे बाहेरचे म्हणजे ‘टॉप-अप’ खेळाडू. मोबाइलच्या टॉप-अपसारखे ते आठवड्याला भरायचे म्हटले तर हमखास फसाल. मार्चच्या आत करार करून ठेवा.

त्याआधी संघ स्वतःचा ठेवायचा की कुणाशी जोडायचा, हे ठरवा. व्हिक्टोरियात राखीव संघांची वेगळी स्पर्धा १९९९ नंतर बंद झाली आणि २००० पासून हे संघ व्हीएफएल या राज्य लीगमध्ये आले. तेव्हा अनेक क्लबांनी जुन्या स्थानिक क्लबशी हातमिळवणी केली. पुढे एकेक जण वेगळा झाला: कॉलिंगवूड २००८ मध्ये, रिचमंड आणि वेस्टर्न बुलडॉग्स २०१४ मध्ये. बुलडॉग्सच्या फुटस्क्रे संघाने त्याच वर्षी व्हीएफएलचे विजेतेपद घेतले. हॉथॉर्न मात्र बॉक्स हिलशी आणि मेलबर्न केसीशी जोडलेले राहिले. दक्षिण ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड आणि पोर्ट अ‍ॅडलेड २०१४ पासून एसएएनएफएल या तिथल्या राज्य लीगमध्ये राखीव संघ उतरवतात. पश्चिमेला फ्रीमँटलचे खेळाडू पील थंडर या स्थानिक क्लबकडून खेळतात, तर वेस्ट कोस्टने ईस्ट पर्थशी पाच वर्षे संसार करून २०१९ मध्ये डब्ल्यूएएफएल या तिथल्या राज्य लीगमध्ये स्वतःचा संघ आणला. सिडनी, ब्रिस्बेन, गोल्ड कोस्ट आणि जीडब्ल्यूएस (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) २०२१ मध्ये व्हीएफएलमध्ये आले. त्यांना प्रवासाचा खर्च वेगळा धरावा लागतो.

जोडलेल्या संघात मैदान, कर्मचारी आणि स्थानिक खेळाडू तयार मिळतात. अडचण निवडीत येते. तुमचे चौदा खेळाडू धडधाकट झाले की स्थानिक क्लबचा जुना गडी बाहेर बसतो आणि त्या क्लबचे सभासद चिडतात. रकमनला (हवेत उडवलेला चेंडू उंच उडी मारून सहकाऱ्याकडे वळवणारा उंच गडी) फॉरवर्डमध्ये, म्हणजे हल्ल्याच्या फळीत, किती वेळ खेळवायचे, यावरही दोन प्रशिक्षकांची दोन मते होतात. जोडायचेच असेल तर किती जागा कुणाच्या आणि कोणत्या जागेवर अंतिम शब्द कुणाचा, हे हंगामाआधी लिहून घ्या. पैसा असेल तर स्वतंत्र संघ बरा, असे आमचे मत.

टॉप-अप निवडताना पहिला करार रकमनचा करा. यादीत उंच रकमन तीन-चारच असतात. वरचा एक जखमी झाला की तुमचा वर जातो, दुसरा आधीच जायबंदी असतो आणि मधल्या उसळीला (मैदानाच्या मध्यभागी चेंडू वर उडवून खेळ सुरू होतो तेव्हा) १८५ सेंटिमीटरचा पोरगा उभा राहतो. मग मिडफील्डमधल्या चांगल्या खेळाडूंचेही मूल्यमापन होत नाही, कारण चेंडू त्यांच्याकडे येतच नाही. त्यानंतर दोन उंच बचावपटू पाहा. छोटे, चपळ फॉरवर्ड शेवटी घेतले तरी चालते, ते स्थानिक लीगमध्ये मुबलक मिळतात.

चांगला टॉप-अप टिकत नाही, हेही धरून चाला. २०१९ पासून हंगामाच्या मध्यावर रुकी ड्राफ्ट (क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणे) पुन्हा होऊ लागला आणि तुम्ही घडवलेला खेळाडू दुसरा क्लबही उचलू शकतो. जय न्यूकम २०२१ मध्ये बॉक्स हिलमधून हॉथॉर्नच्याच यादीत गेला, ते नशीब. प्रत्येक जागेसाठी दुसरे नाव तयार ठेवा.

आता आठवडा. सोमवारी डॉक्टर आणि फिटनेस प्रशिक्षकाकडून तीन रकाने घ्या: पूर्ण सामना, मर्यादित मिनिटे, खेळ नाही. डोक्याला मार लागून कन्कशन ठरले असेल तर एएफएलच्या नियमाने किमान १२ दिवस परतणे नाही, त्यामुळे ते नाव येत्या शनिवारसाठी खोडा. सगळ्यात जास्त घोटाळा मर्यादित मिनिटांच्या रकान्यात होतो. दुखापतीतून परतणारा मध्यंतराला बाहेर बसणार असेल, तर उत्तरार्धात बेंच एकाने कमी. असे तिघे घेतले आणि एकाचा स्नायू ताणला, की शेवटच्या पावतासात थकलेले गडी बदलीविना धावतात आणि नव्या दुखापती होतात. एका सामन्यात असे दोनच. तिसऱ्यासाठी वरून कितीही दबाव आला तरी नाही म्हणा.

टॉप-अप खेळाडू दिवसा नोकरी किंवा कॉलेज करतात, म्हणून त्यांचा सराव मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी. व्यावसायिक खेळाडू सकाळीच आटोपून गेलेले असतात. दोघे एकत्र येतात ते थेट सामन्याच्या दिवशी, आणि पहिल्या क्वार्टरमध्ये किक-आउटला (गोलाजवळून चेंडू पुन्हा खेळात आणताना) दोघे एकाच जागी धावतात. यावर उपाय स्वस्त आहे. मधली उसळी, किक-आउट आणि बाउंड्री थ्रो-इन (बाहेर गेलेला चेंडू पंच आत टाकतो ते) यांची रचना एका पानावर काढून गुरुवारी प्रत्येकाच्या हाती द्या, आणि सामन्याआधी वीस मिनिटे चालत-चालत तीच रचना करून घ्या.

वरचा संघ गुरुवारी संध्याकाळी जाहीर होतो, रविवारच्या सामन्याचा अंतिम संघ शुक्रवारी. त्याआधी तुमची यादी पक्की नसतेच. तरीही टॉप-अपला गुरुवारीच सांगा: नक्की, बाहेर किंवा थांब. बाहेर असलेला त्याच्या स्थानिक क्लबकडून खेळू शकतो, पण तिथेही संघ त्याच रात्री ठरतो. शनिवारी सकाळी ‘आज नको’ असा फोन केलात तर त्याचा दोन्हीकडचा खेळ बुडाला. असे दोनदा झाले की तो पुढच्या वर्षी येत नाही. थांबायला दोघांपेक्षा जास्त जणांना सांगू नका.

एसएएनएफएलमध्ये खेळत असाल तर एक धडा आवर्जून गिरवा. तिथे २०१६ पासून किक किंवा हँडबॉलने (मुठीने मारलेल्या पासने) चेंडू कुणाला न लागता बाहेर गेला की समोरच्याला फ्री किक मिळते. बाउंड्रीच्या कडेने लांब मारून दबाव सोडवायची सवय असलेला बचावपटू तिथे हमखास फसतो.

व्हीएफएलमध्ये सामने एएफएलपेक्षा कमी आणि सुट्ट्या जास्त. सुट्टीच्या शनिवारी वरच्या संघाबाहेर असलेल्यांसाठी तीन-चार छोट्या क्वार्टरचा आपसातला सामना ठेवा. नुसते पळवले तर निवडीला काहीच कळत नाही.

शेवटचा हिशेब बाद फेरीचा. यादीतल्या खेळाडूला राज्य लीगच्या बाद फेरीसाठी आधी ठरावीक सामने त्या संघाकडून खेळलेले असावे लागतात. आकडा प्रत्येक लीगच्या चालू नियमपुस्तकात पाहा आणि पहिल्या फेरीपासून तक्ता भरा. ऑगस्टमध्ये भरायला बसलात तर एखादा महत्त्वाचा खेळाडू एका सामन्याने कमी पडलेला सापडतो. २०१९ मध्ये रिचमंडने मार्लियन पिकेटला व्हीएफएलच्या अंतिम सामन्यात उतरवले, तो तिथे सर्वोत्तम ठरला आणि पुढच्याच आठवड्यात एएफएलच्या अंतिम सामन्यात त्याने पदार्पण केले. उलटेही होते: वरचा संघ सप्टेंबरआधीच बाहेर पडतो, एकाएकी तीस धडधाकट गडी तुमच्या दारात उभे राहतात आणि मार्चपासून खेळलेल्या टॉप-अपना जागा उरत नाही. टॉप-अपसाठी किती जागा राखायच्या, हा आकडा जुलैतच ठरवा आणि त्यांना सांगून ठेवा.