बालमेंदूविकारांच्या ओपीडीत रुजू होताना

एमडी पीडियाट्रिक्सची तीन वर्षं, मग नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा आणि डीएम या अतिविशेष पदवीची आणखी तीन वर्षं, असा हा ठरलेला रस्ता. विभागात नव्याने आलेल्यांची नजर आधी ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) आणि एमआरआयकडे जाते. ती आईच्या बोलण्याकडे आणि मुलाकडे वळवायला हवी. इथे निदान बहुतेक वेळा तिथेच होतं. तपासण्या ते पक्कं करतात किंवा कारण दाखवतात.

'फिट आली' एवढ्यावर केसपेपर पुढे सरकवू नका. त्याआधी मूल झोपेत होतं, खेळत होतं की रडत होतं? डोळे कुठे फिरले? झटके एका बाजूने सुरू झाले का? नंतर हात लुळा पडला का? 'दहा मिनिटं चाललं' यात बऱ्याचदा झटके दोनच मिनिटांचे आणि बाकी गुंगी असते, म्हणून दोन्ही वेळा वेगळ्या विचारा. आईला करून दाखवायला सांगा. मोबाइलवरचा व्हिडिओ असेल तर उत्तमच. मूल पडलं किंवा चिडलं, जोरात रडलं, श्वास अडकला, निळं पडलं, मग ढिलं झालं, असा क्रम असेल तर ती आकडी नव्हे, श्वास रोखण्याचा झटका. अशा मुलाला आकडीचं औषध नको. त्याचं लोह तपासा, कमी असेल तर द्या.

तापातली आकडी 6 महिने ते 5 वर्षं या वयातली. सर्वांगाला, 15 मिनिटांच्या आत थांबलेली आणि 24 तासांत एकदाच आलेली असेल तर ती साधी. मूल नंतर पूर्ण शुद्धीवर आलं असेल तर तिला ईईजीही नको, सीटीही नको. मात्र मान ताठ असेल, मूल सुस्त असेल किंवा टाळू फुगली असेल तर पाठीतलं पाणी तपासायला उशीर नको. साधारण तीनांतल्या एका मुलाला तापातली आकडी पुन्हा येते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, पुढची आकडी टळेलच असं नाही. घरी काय करायचं ते लिहून द्या: कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. 5 मिनिटांत थांबली नाही तर मिडाझोलॅम या आकडी थांबवणाऱ्या औषधाचा नाकातला फवारा, किलोमागे 0.2 मिलिग्रॅम. एका फवाऱ्यात 0.5 मिलिग्रॅम असेल तर 10 किलोच्या मुलाला चार, प्रत्येक नाकपुडीत दोन. बाटलीवरचं प्रमाण दर वेळी वाचा, वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्या मिळतात.

सगळ्यांत जास्त जपावं ते इन्फंटाइल स्पाझम्सना, म्हणजे तान्ह्या बाळांतल्या एका प्रकारच्या आकडीला. चार-सहा महिन्यांचं बाळ झोपेतून उठतं, एकदम वाकतं, हात फाकवतं, क्षणभर थांबतं, पुन्हा तेच. अशी एकामागून एक माळच लागते. घरचे म्हणतात 'दचकतं', 'पोटात मुरडा येतो', आणि ग्राइप वॉटरवर महिने जातात. दरम्यान बाळ हसायचं थांबतं, नजर लावेनासं होतं. संशय आला की झोपेतलं ईईजी त्याच आठवड्यात करून घ्या. आदल्या रात्री केस शाम्पूने धुवायला आणि तेल न लावायला बजावा, नाहीतर इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत आणि अख्खा दिवस वाया जातो. कपडे काढून अंगावर फिकट, पानासारखे डाग शोधा. ट्यूबरस स्क्लेरोसिस (असे डाग दिसणारा जनुकीय आजार) निघाला तर पहिली निवड व्हिगाबॅट्रिन हे आकडीचं औषध, एरवी एसीटीएच हे संप्रेरक किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. स्टेरॉइडआधी रक्तदाब, साखर आणि घरातला क्षय विचारात घ्या. जन्मानंतर साखर उतरली होती का, हेही जुन्या कागदांत बघा. आपल्याकडे हे कारण वारंवार सापडतं.

वर्षाच्या आसपासचं, फक्त अंगावर पिणारं, सुस्त, सावळं पडलेलं, केस विरळ-तांबूस झालेलं मूल, आलेलं बसणं विसरलेलं, हात थरथरणारे आणि आई शाकाहारी: आधी बी-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा विचार करा. रक्ताचा नमुना घेऊन इंजेक्शन सुरू करा, अहवालाची वाट बघत बसू नका.

शाळेतून 'लक्ष नसतं' म्हणून आलेल्या मुलाला 3 मिनिटं कागदी भिंगरीवर फुंकर मारायला लावा. मधेच थांबून डोळे स्थिर झाले तर अ‍ॅबसेन्स (क्षणभर भान हरपण्याची आकडी) समोरच दिसली. तिथे कार्बामाझेपिन हे आकडीचं औषध देऊ नका, झटके वाढतात. आणि जिन्यावर अडखळणाऱ्या मुलाची एसजीओटी-एसजीपीटी (यकृतासाठी तपासली जाणारी, पण स्नायूंतही असणारी एन्झाइम्स) वाढलेली दिसली तर यकृताच्या मागे लागण्याआधी सीपीके (स्नायूंच्या इजेची रक्ततपासणी) पाठवा, त्याला जमिनीवरून उठायला सांगा. मांड्यांवर हात टेकत उठला तर ड्यूशेन या स्नायू झिजवणाऱ्या आजाराचा संशय धरा.

औषध 'एक चमचा' असं कधीच लिहू नका. आकडीच्या औषधांपैकी व्हॅल्प्रोएटच्या सिरपमध्ये सहसा 5 मिलीत 200 मिलिग्रॅम असतात, लेव्हेटिरॅसिटामच्या 1 मिलीत 100. म्हणजे 200 मिलिग्रॅमसाठी एकाचे 5 मिली, दुसऱ्याचे 2. मिली आणि मिलिग्रॅम दोन्ही मराठीत लिहा, सिरिंजवर पेनाने खूण करून द्या आणि दर भेटीला वजन करून डोस नव्याने काढा. मूल वाढतं, डोस तोच राहतो आणि आकडी परत आली की औषधाला दोष दिला जातो. मेंदूच्या लकव्याच्या मुलांना याच भेटीत जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीची (मुलांच्या लवकर उपचारांचं केंद्र) चिठ्ठी, यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्डाची माहिती आणि निरामय या दिव्यांगांच्या आरोग्य विम्याचा अर्ज द्या. एरवी ते राहूनच जातं.