बांधकामाच्या साइटवर सुरक्षिततेची सवय कशी लावाल

सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट दिसलं म्हणजे साइट सुरक्षित झाली असं नाही. खरी पारख वेगळ्याच प्रसंगी होते. एखाद्या बिगाऱ्यानं "इथं धोका वाटतोय" म्हणून हात थांबवला, तर सुपरवायझर त्याला काय म्हणतो? "आधी उरक, मग बघू" हे उत्तर एकदा मिळालं की पुढे कुणी तोंड उघडत नाही. म्हणून सुरुवात फलकांपासून नको, सुपरवायझर आणि मुकादमापासून करा. कामगार भाषण ऐकून शिकत नाहीत, मुकादम रोज काय करतो ते पाहून शिकतात. आणि नियम इंजिनिअर, पाहुणे, मालक सगळ्यांना एकच ठेवा. मालक हेल्मेटशिवाय स्लॅबवर फिरला, तर त्या दिवशीचं सगळं प्रशिक्षण पाण्यात गेलं.

काम थांबवण्याचा हक्क प्रत्येकाला, पहिल्याच दिवशी, त्याच्या भाषेत सांगा. पद्धत अगदी साधी हवी: थांबायचं, बाजूच्यांना बाजूला घ्यायचं, मुकादमाला सांगायचं. जाणकारानं जागा पाहिल्याशिवाय काम पुन्हा सुरू करायचं नाही. पण यात एक मोठी अडचण असते आणि तिच्याकडे बहुतेक ठिकाणी दुर्लक्ष होतं. कामगार फुटावर किंवा नगावर पैसे घेत असेल, तर थांबलेला प्रत्येक तास त्याच्या खिशातून जातो. मग तो कशाला थांबेल? थांबलेल्या वेळेची मजुरी मिळेल, हे उपठेकेदाराच्या करारातच लिहून घ्या.

सकाळची टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू करण्याआधीची सुरक्षिततेवरची छोटी चर्चा, दहा मिनिटांची पुरे. ऑफिसात न घेता जिथं काम आहे तिथं उभं राहून घ्या, आणि एकाच धोक्यावर बोला. सांगण्यापेक्षा विचारा. "बेल्ट लावा रे" याला सगळे माना डोलावतात. "हूक कुठं अडकवणार, दाखव" म्हटलं की खरी परिस्थिती कळते. समजा, कामगारानं पायाजवळच्या सळईकडे बोट दाखवलं. सर्वांसमोर हिशेब मांडा: बेल्टला जोडलेला, हूक असलेला दोर 1.8 मीटर, हार्नेसच्या (अंगावर बांधायच्या पट्ट्यांच्या बेल्टच्या) पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत साधारण दीड मीटर. म्हणजे दोर ताणला जाईपर्यंतच पाय 3.3 मीटर खाली गेलेले असतात, आणि दोरातला झटका शोषणारा भाग (शॉक अ‍ॅब्जॉर्बर) उघडताना माणूस आणखी खाली जातो. मजल्याची उंची 3 मीटर असेल, तर बेल्ट घालूनही तो खाली आदळणार. हूक डोक्याच्या वर, भक्कम ठिकाणी हवा. त्याहून बरं म्हणजे पडण्याची वेळच येऊ न देणं: स्लॅबच्या कडेला साधारण 1 मीटर उंचीचं रेलिंग, मध्ये एक आडवी नळी आणि खाली वस्तू घरंगळू नये म्हणून 10-15 सेंटिमीटरची पट्टी.

अपघात थोडक्यात टळला की त्याची नोंद व्हायलाच हवी. तोंडी सांगितलं, मोबाईलवर फोटो पाठवला, नाव दिलं नाही, सगळं चालेल. मात्र 24 तासांच्या आत फलकावर उत्तर लावा: काय कळलं, कोण दुरुस्त करणार, कधीपर्यंत. तक्रार केली आणि काहीच हललं नाही, तर दुसरी तक्रार येत नाही.

चौकशीत "कुणी केलं" यावर थांबू नका. स्लॅबमधल्या भोकावर नुसतं ठेवलेलं प्लायवूड घ्या. कामगार ते रिकामा तुकडा समजून उचलतो. समोर धरलेल्या फळीमुळे पायाखालचं दिसत नाही आणि पुढच्या पावलाला तो भोकात जातो. "बेपर्वाईनं पडला" असं लिहिणं सोपं आहे. पण फळी खिळून का बसवली नव्हती? तिच्यावर ठळक रंगात "खाली भोक" का लिहिलं नव्हतं? ते बघणं कुणाच्या नावावर होतं? या उत्तरांतूनच पुढचा माणूस वाचतो.

"शून्य अपघात" गाठल्यावर बक्षीस देण्याची प्रथा बंद करा. त्यानं अपघात थांबत नाहीत, लपवले जातात. कापलेलं बोट खिशात घालून माणूस घरी जातो. बक्षीस द्यायचंच तर धोका दाखवणाऱ्याला द्या. आणि नोंदी एकदम कमी झाल्या, तर आनंद मानण्याआधी साइटवर फिरून कारण शोधा.

रोजच्या फेरीत परांची, स्लॅबच्या कडा, डक्ट (पाइप-तारांसाठी मोकळे ठेवलेले उभे मार्ग) आणि विजेच्या जोडण्या बघा. हातातल्या यंत्रांच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीडी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा, आणि त्याचं टेस्ट बटण दाबून तो उडतोय ना हे बघायला हवं. खड्ड्याची पाहणी पाऊस पडून गेल्यावर नव्यानं करा. एक घनमीटर माती साधारण दीड टनाहून जड असते, त्यामुळे छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसालाही श्वास घेता येत नाही. उपसलेली माती काठापासून निदान 60 सेंटिमीटर लांब टाका.

वेळापत्रकही तपासा. स्लॅबची तारीख पुढे सरकत नसेल, तर सेंट्रिंगवाला (स्लॅबखालचा तात्पुरता साचा आणि टेकू उभारणारा) आधार तपासण्याचं काम सोडून देतो, रात्री पुरेसा उजेड नसताना सळया बांधल्या जातात. तारीख ठरवतानाच परांची उभारायला, तपासायला आणि रेलिंग लावायला लागणारे दिवस वेगळे धरा.

नवीन माणसाला पहिले काही दिवस एकटं सोडू नका. एका अनुभवी गवंड्याशी जोडी लावून द्या, आणि त्या गवंड्याकडून तेवढ्या दिवसांत नेहमीइतक्या कामाची अपेक्षा धरू नका.