बोटीत खाली काय टाकायचं? काढता येणारं कार्पेट, फोम, व्हिनाइल की नुसता फायबर

अठरा-वीस फुटी फायबरची बोट, मागे आउटबोर्ड (बाहेरून बसवलेलं इंजिन), वीकेंडला घरच्यांना घेऊन मांडव्याच्या बाजूला चक्कर नाहीतर मालवणला गळ टाकायला, असा ज्यांचा वापर आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. जे उचलून दोन्ही बाजूंनी वाळवता येत नाही असं कुठलंही कापडी काही खाऱ्या पाण्यातल्या बोटीत टाकू नका, गोंदाने चिकटवलेलं कार्पेट तर अजिबातच नको. टिचबटणांवर बसणारं, काढघाल करता येणारं कार्पेट चालतं, पण प्रत्येक बोटीला नाही. म्हणून क्रमाने बघू.

आधी खालचा फ्लोअर ठोकून बघा

बऱ्याच छोट्या बोटींत फ्लोअरच्या फायबरखाली प्लाय असतो. स्क्रूड्रायव्हर उलटा धरून मुठीने सगळीकडे ठोकत जा. कडक टणटण आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला किंवा पाय दिल्यावर फ्लोअर दबल्यासारखा वाटला तर आतला प्लाय कुजायला लागलाय. सीटचे पाय, हॅचच्या (फ्लोअरमधल्या झाकणांच्या) कडा आणि जिथे जिथे जुने स्क्रू मारलेत तिथे हमखास बघा, पाणी तिथूनच आत शिरतं. असं काही सापडलं तर नवीन फ्लोअरिंगचा विषय बाजूला ठेवा आणि आधी दुरुस्ती करा, कारण वरून काहीही टाकलं की ते झाकलं जातं आणि खाली कुजणं चालूच राहतं.

मग बोट कुठल्या पाण्यात असते ते

सगळा निर्णय खरं तर इथेच होतो. मुळशी, पानशेत, तापोळा अशा गोड्या पाण्यात बोट चालवत असाल आणि नंतर ट्रेलरवर शेडमध्ये ठेवत असाल तर कार्पेट मजेत चालतं, पायाला मऊ लागतं, तापत नाही, इंजिनचा आवाजही थोडा कमी वाटतो. समुद्रात गोष्ट वेगळी. खारं पाणी कार्पेटमध्ये मुरलं की पाणी उडून जातं पण मीठ धाग्यात राहतं, आणि मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे वरून सुकल्यासारखं वाटलेलं कार्पेट रात्रीत परत दमट होतं आणि मग तो कुबट वास सुरू होतो जो नुसत्या उन्हाने जात नाही. कोपरा उचलून बघा, बटणाभोवती पांढरी खडबडीत कड आलेली असते आणि साधं पितळी बटण असेल तर हिरवं पडलेलं असतं. स्टेनलेस स्टीलसुद्धा सतत ओल्या कापडाखाली दाबून राहिलं की गंजाचे डाग सोडतं. म्हणजे खाऱ्या पाण्यात कार्पेट हवंच असेल तर प्रत्येक फेरीनंतर काढून गोड्या पाण्याने खळखळून धुवायची तयारी पाहिजे. ती नसेल तर पुढचे पर्याय बघा.

पर्याय, माझ्या पसंतीच्या क्रमाने

नुसता खरबरीत फायबर. फ्लोअरला मुळात नॉनस्किड, म्हणजे पाय घसरू न देणारं टेक्सचर असेल तर गळ टाकणाऱ्यांनी दुसरं काही शोधूच नये. माशाचं रक्त, आमिषाचा चिखल, वाळू, सगळं एका बादलीत आणि ब्रशने साफ. टेक्सचर झिजलं असेल तर नॉनस्किड पेंट मारता येतो. पायाला कडक लागतं हे मात्र खरं.

ईव्हीए फोम. साधारण पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या, मागे चिकट थर असलेल्या शीट. पाणी शोषत नाही, ओल्या पायाला छान पकड, गुडघ्यांना आराम. पण गडद रंग घेऊ नका, एप्रिल-मेच्या दुपारी आजी-आजोबा चप्पल काढून बोटीत पाय ठेवतात आणि चटका बसतो. फिकट राखाडी किंवा बेज घ्या. पेट्रोल सांडलं की लगेच पुसा, फोम फुगतो. नांगर आदळला, जड कूलर ओढला की खड्डे आणि ओरखडे पडतात, म्हणून पुढच्या टोकाला जिथे नांगर ठेवता तिथे फोम नको.

विणलेलं व्हिनाइल. दिसायला चटईसारखं, धागे प्लास्टिकचे, लवकर सुकतं. हेही टिचबटणांवर बसवता येतं, आणि समुद्रातल्या फॅमिली बोटीला मी कार्पेटऐवजी हेच सुचवेन. तापतं मात्र हेही.

हार्डवेअरच्या दुकानातली एस मॅट (भोकाभोकांची प्लास्टिकची मॅट) किंवा कृत्रिम गवत बरेच जण टाकतात कारण स्वस्त आहे. एस मॅट निदान झटकन धुता येते, पण मोकळी टाकली तर वेगात उडते किंवा पायाखालून सरकते. गवताच्या मुळाशी वाळू अडकते आणि ती खालचा जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) घासत राहते, मी तरी टाकणार नाही.

ठरवण्याआधी सॅम्पल घ्या

हातभर तुकडा मागा. भर दुपारी तासभर उन्हात ठेवून त्यावर अनवाणी उभे राहा, मग समुद्राचं पाणी ओतून परत उभे राहा, आणि संध्याकाळी बघा सुकलाय का. कार्पेट असेल तर गळ अडकवून बघा, धागा ओढला जातो का. दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा यातून जास्त कळतं.

कार्पेट किंवा व्हिनाइल बसवताना

आधी जाड ब्राउन पेपर फ्लोअरवर पसरून साचा कापा, सीटचे पाय, हॅच, पाणी जायची भोकं सगळं त्यावर आखा. एकच अखंड तुकडा करू नका, दोन-तीन भाग करा म्हणजे एका माणसाला उचलता येतं आणि हॅच उघडायला सगळं काढावं लागत नाही. कडा शिवून किंवा बाइंडिंग करून घ्या.

बटणं मरीन ग्रेडची, ३१६ स्टेनलेसची, बॅगवाल्याकडची नाही. साधारण दर दीड फुटाला एक आणि प्रत्येक कोपऱ्यात एक. ड्रिल करण्याआधी फ्लोअरखाली काय आहे ते नक्की करा, कितीतरी बोटींत पेट्रोलची टाकी आणि वायर तिथूनच जातात, शंका असेल तिथे भोक पाडायचंच नाही. जागेवर मास्किंग टेप लावा, ड्रिल आधी उलटं फिरवून जेलकोट हळूच खरवडा म्हणजे टवका उडत नाही, मग सरळ फिरवून भोक पाडा, तोंड थोडं रुंद करा, आत मरीन सीलंट भरा आणि मगच स्क्रू. हे सीलंट विसरू नका, कोरड्या स्क्रूच्या भोकातून पाणी प्लायमध्ये जातं आणि दोन पावसाळ्यांनी परत तोच भद्द आवाज.

आणखी एक गोष्ट, कार्पेट काढल्यावर बटणांचे खुंट (स्क्रूने बसवलेले खालचे अर्धे भाग) फ्लोअरवर उघडे राहतात आणि पायाला जोरात लागतात. लहान मुलं असतील तर चालायच्या वाटेत खुंट टाळा, कडेकडेने घ्या.

फोम लावताना

फ्लोअर गुळगुळीत आणि पूर्ण कोरडा हवा, जाड नॉनस्किडवर तो नीट धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सावलीत काम करा, कोपरे गोल कापा कारण टोकदार कोपरा आधी सुटतो, तुकड्यांमध्ये पाणी वाहायला मोकळी पट्टी सोडा. आधी कोरडं मांडून बघा, एकदा चिकटलं की सरकवता येत नाही. नंतर किमान २४ तास पाणी लागू देऊ नका, आणि पुढेही प्रेशर वॉशरचा फवारा कडांवर मारू नका.

पावसाळ्याआधी

मे संपायच्या आत बोट वर घेताना काढता येणारं सगळं काढून घरी न्या. सौम्य साबण आणि भरपूर गोडं पाणी, ब्लीच नको, दोरीवर टाकून दोन्ही बाजू कडक सुकवा आणि गुंडाळी करून ठेवा, घडी घातली तर मोड पडतो. बोटीवर राहिलेल्या खुंटांना थोडं सिलिकॉन ग्रीस चोपडा, म्हणजे सप्टेंबरात बटणं न अडकता बसतात, आणि चार-सहा जादा बटणं-खुंट त्याच गुंडाळीत बांधून ठेवा, तेच नंबर परत मिळतीलच असं नाही.