बाबांच्या घरचा राउटर एका फाइलमध्ये

गेल्या पावसाळ्यात नौपाड्यात वीज सारखी जा-ये करत होती, त्यात बाबांचा राउटर जळाला. नवा तासाभरात मिळाला, पण जुन्यात कोणाला कोणता पत्ता ठरवून दिला होता, कॅमेऱ्यासाठी काय केलं होतं, हे आठवण्यात माझे दोन रविवार गेले. कुठेच लिहून ठेवलं नव्हतं.

म्हणून आता राउटरच्या जागी एक छोटा पीसी आणि त्यावर निक्सओएस ही लिनक्स सिस्टीम. यात मशीन कसं असावं ते एका फाइलमध्ये लिहायचं, सिस्टीम तशी बांधली जाते. ती फाइल गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, एक प्रत माझ्या ऐरोलीच्या लॅपटॉपवर. मशीन गेलं तरी राउटर हातात राहतो.

इंटेल एन100 प्रोसेसरचा बिनपंख्याचा मिनी पीसी घ्या, किमान दोन लॅन पोर्टचा. वायफायला वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट लावा. फायबरवाल्याकडून त्यांचा डबा ब्रिज मोडवर करून घ्या, म्हणजे राउटरचं काम तो करणार नाही, आपला पीसी करेल. पीपीपीओईचा, म्हणजे त्यांच्या नेटला लॉगिन करायचा, पासवर्डही मागून घ्या. हा पासवर्ड त्या मुख्य फाइलमध्ये मात्र लिहू नका. तिथलं सगळं निक्स स्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये जातं आणि ते मशीनवरच्या कोणालाही वाचता येतं. तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवून फक्त तिचा पत्ता द्या.

मुख्य फाइलमध्ये आयपी फॉरवर्डिंग (एका पोर्टवरचा डेटा दुसऱ्यावर पाठवणं), नॅट (सगळ्या घराला एकाच बाहेरच्या पत्त्यावरून नेट देणं) आणि घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायला डीएनएसमास्क एवढं लिहिलं की निम्मं काम झालं. पीपीपीओईवर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, 1500 बाइट नाही, 1492 असतो. एमएसएस, म्हणजे पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा, त्याप्रमाणे कमी करणारा नियम राहिला, तर काही साइट उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात.

फायरवॉलकडे नीट लक्ष द्या. ती मुळातच चालू असते. माझा फोन वायफायला जोडला जायचा, पण पत्ताच मिळेना, कारण आतल्या बाजूचं, पत्ता मागायचं 67 नंबरचं पोर्ट बंद होतं. साइटच्या नावावरून पत्ता शोधायचं (डीएनएस) 53 सुद्धा उघडावं लागतं. उलट दुरून लॉगिन करायला एसएसएच चालू केलं की त्याचं पोर्ट बाहेरच्या बाजूलाही आपोआप उघडतं. ते आठवणीने बंद करा आणि फक्त घरातल्या इंटरफेसवर उघडा.

बदल केला की लगेच 'स्विच' करून तो कायमचा लागू करू नका, आधी 'निक्सओएस-रीबिल्ड टेस्ट' चालवा. बदल लागू होतो, पण मशीन पुन्हा सुरू केलं की जुनीच मांडणी येते. परवा मी ऐरोलीतून वायरगार्ड या व्हीपीएनने आत शिरून फायरवॉलची एक ओळ बदलली, 'टेस्ट' चालवली आणि कनेक्शन तुटलं. बाबांना फोन केला, "बाबा, त्या छोट्या पीसीची पिन काढा, दहा आकडे मोजा, परत लावा."

दोन मिनिटांत त्यांचा मेसेज आला: "आलं गं नेट."