किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्यावरचं पोस्टडॉक : अर्ज करताना या चुका टाळा

पोस्टडॉकचे, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नेमणुकीचे, अर्ज चाळायचं काम माझ्याकडे नेमानं येतं आणि नेमानं त्याच चुका दिसतात. हुशार मंडळी असतात, पीएचडी चांगली झालेली असते, पण अर्ज घाईत उरकलेला असतो.

पहिली चूक म्हणजे पीएचडीचा गोषवारा तसाच ठेवून 'प्रौढ'च्या जागी 'किशोरवयीन' लिहायचं. जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 हे वय किशोरवय धरते. 2018 मध्ये काही संशोधकांनी ते 24 पर्यंत न्यावं असं मांडलं. तुम्ही कोणती मर्यादा घेता आणि का, एवढं लिहा. कॉलेजची मुलं हाताशी होती म्हणून तीच घेतली, हे लपत नाही.

आता माझा दुखरा विषय. एसडीक्यू ही मुलांच्या भावनिक आणि वागणुकीच्या अडचणी मोजणारी, रॉबर्ट गुडमन यांनी 1997 साली मांडलेली 25 विधानांची प्रश्नावली या क्षेत्रात सगळीकडे वापरली जाते. प्रत्येक विधानाला 0, 1 किंवा 2 गुण. पाच-पाच विधानांचे पाच गट असतात, पण अडचणींची बेरीज चारच गटांची करायची. इतरांशी चांगलं वागण्याचा पाचवा गट त्यात धरायचा नाही. म्हणजे बेरीज 40 च्या वर जाऊच शकत नाही. एका उमेदवारानं अर्जाला जोडलेल्या लेखात कमाल गुण होते 43. मुलाखतीत विचारलं, तर उत्तर आलं, "सॉफ्टवेअरनं काढलेत." पुढे कळलं की सगळी 25 विधानं सरसकट मिळवली होती आणि जी पाच उलटी मोजायची तीही सुलटीच मोजली होती. 'मला निदान एक तरी चांगला मित्र आहे' अशा अर्थाचं विधान त्यातलंच एक. म्हणजे मित्र असलेल्या मुलाच्या अडचणी जास्त! शिवाय ते 43 बहुधा एखाद्या कंटाळलेल्या पोरानं जवळजवळ सगळ्या खुणा एकाच रकान्यात केल्यामुळे आले असावेत, तेही कुणी पाहिलं नव्हतं. आकडेमोडीचं मॉडेल मात्र अगदी अद्ययावत.

माझी सवय सांगते. प्रश्नावली आधी स्वतः भरायची, मग काही कागद हातानं मोजायचे आणि कोडनं काढलेल्या गुणांशी ताडून बघायचे. जुनाट वाटतं? वाटू द्या.

पुढची चूक याहून गंभीर आहे. पीएचक्यू-9 ही नैराश्याची लक्षणं तपासणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली. तिच्यातला नववा प्रश्न गेल्या दोन आठवड्यांत मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले का, हे विचारतो. प्रपोजलमध्ये ऑनलाइन सर्वेक्षण असतं आणि 'विश्लेषण तीन महिन्यांनी' असं लिहिलेलं असतं. मी मुलाखतीत हमखास विचारते : शुक्रवारी रात्री 11 वाजता 14 वर्षांच्या मुलीनं त्या प्रश्नापुढे 'जवळजवळ रोज' अशी खूण केली, तर तुम्हाला ते कधी कळणार? बऱ्याच जणांना इथेच घाम फुटतो. "माहिती निनावी आहे," असं कुणी म्हणतं. "शेवटी हेल्पलाइनचा नंबर देऊ," असं कुणी. एकानं तर "नववा प्रश्नच काढून टाकू" असं सांगितलं. आठ प्रश्नांची आवृत्ती आहे आणि ती वापरतातही, पण या गृहस्थांच्या प्रपोजलचा विषयच आत्महत्येचे विचार हा होता.

विचारल्यानं मुलांच्या डोक्यात ते खूळ शिरेल, ही भीतीही सोडा. 2005 साली हायस्कूलच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीत तसं काही आढळलं नाही. विचारा, पण उत्तर कोण बघणार, किती तासांत, फोन कोण करणार आणि त्रासाचं मूळ घरातच असेल तर कुणाला कळवायचं, हे लिहा. माहितीपत्रात 'सगळं गुप्त राहील' असं वचन देऊ नका. जिवाला धोका दिसला तर सांगावं लागेल, हे मुलाला आधीच कळलं पाहिजे. अर्ज हातात आला की मी आधी हा परिच्छेद शोधते. नसेल, तर पुढचं वाचायचा उत्साह राहत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. पीएचक्यू-9 वर 10 गुण म्हणजे निदान नव्हे, ती चाळणी आहे. एकदाच केलेल्या सर्वेक्षणावरून 'मोबाइलमुळे नैराश्य येतं' असं ठोकून देऊ नका. पालकांची सही घेतली म्हणून मुलाला विचारायचं राहू नये.

दोन वर्षांच्या नेमणुकीत तीन वर्षांचा पाठपुरावा मांडणारेही भेटतात. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि शाळांच्या परवानग्या यांतच किती महिने जातात, याचा अंदाज नसतो. त्यापेक्षा तयार दीर्घकालीन डेटा वापरा. अमेरिकेतल्या एबीसीडी या मुलांच्या मेंदूच्या वाढीवरच्या अभ्यासात 9-10 वर्षांची सुमारे 12 हजार मुलं घेतली गेली आणि त्यांचा पाठपुरावा होत राहिला. इंग्लंडमधल्या एएलएसपीएसी या पालक आणि मुलांच्या अभ्यासाची सुरुवात तर 1991 मधल्या गरोदर स्त्रियांपासून झाली. हा डेटा मिळवायलाही अर्ज लागतो, तेव्हा अटी वाचूनच वेळापत्रक आखा.

चॅटबॉटकडून लिहून घेतलेलं पत्र तिसऱ्या ओळीला ओळखू येतं. दुसऱ्याच संस्थेचं नाव राहिलेलं पत्र तर पहिल्याच. आणि शिफारसपत्र देणाऱ्यांना आदल्या रात्री मेसेज टाकू नका. प्रपोजलचा मसुदा आणि जाहिरात हातात देऊन निदान तीन आठवडे आधी विचारा, म्हणजे त्यांनाही 'मेहनती आणि प्रामाणिक' याच्या पलीकडे काही लिहिता येईल.