एक गेम, दोघे खेळणारे

फोंड्याला आम्ही दोघे मित्र एकाच खोलीत राहतो. संगणक दोन, पण गेम सगळे माझ्या स्टीम (संगणकावरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) खात्यावर. सुरुवातीला मी त्याला सरळ पासवर्डच दिला. शुद्ध मूर्खपणा! मी गेम लावला की त्याचा बंद, आणि लॉगिनचा कोड मागायला तो मला मध्यरात्री उठवणार.

शेवटी पासवर्ड बदलला. त्याला स्वतःचं खातं काढायला लावलं आणि ‘स्टीम फॅमिलीज’मध्ये घेतलं. २०२४ मध्ये आलेली ही सोय एका घरातल्या सहा जणांपर्यंत चालते. आता तो माझा एक गेम खेळत असतो तेव्हा मी दुसरा खेळतो, आणि सेव्ह, म्हणजे गेममध्ये कुठवर पोचलो त्याची नोंद, ज्याची त्याची वेगळी राहते.

मात्र प्रत एकच असेल तर तोच गेम दोघांना एकाच वेळी मिळत नाही, आणि आमचं भांडण नेमकं शर्यतीच्या गेमवरून! सेल लागल्यावर त्याची दुसरी प्रत अर्धे-अर्धे पैसे काढून घेतली. काही गेम तर वाटून घेताच येत नाहीत, ते आधी दुकानाच्या पानावर बघावं.

म्हापशाचा एक मित्रही मागे लागला होता. त्याला म्हटलं, ‘बाबा रे, हे घरापुरतं आहे.’ शिवाय माझ्या प्रतीवर कुणी चीटिंग केलं तर बंदी मलाही बसते. म्हापशाच्या मित्रासोबत ‘रिमोट प्ले टुगेदर’ लावतो, म्हणजे माझ्या संगणकावर चालणारा गेम नेटवरून दोघांनी मिळून खेळायची स्टीमचीच सोय. त्यात गेम एकाकडे असला तरी भागतं. पावसात नेट गेलं की मात्र पत्ते.